कुत्र्याचा टीव्हीटी: उपचारात या चुका टाळा

मादी माजावर आली की रक्ताचे थेंब पडणारच, असं समजून आमच्या गल्लीतल्या चिंगीकडे मी महिनाभर दुर्लक्ष केलं. माजाचं रक्त साधारण आठ-दहा दिवसांत ओसरतं, फार तर तीन आठवडे. चिंगीचं थांबेना, सारखी चाटत बसायची. शेवटी डॉक्टरांनी तपासलं तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी लालभडक, ठिसूळ गाठ. नराच्या बाबतीत हेच रक्त ‘लघवीला इन्फेक्शन झालंय’ म्हणून गोळ्यांवर काढलं जातं. लिंगावरची कातडी मागे सारून कुणी पाहतच नाही.

या गाठीला डॉक्टर टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरियल ट्यूमर, म्हणजे समागमातून पसरणारी गाठ) म्हणतात. हा कॅन्सरच आहे, पण अजब. इथे विषाणू नाही, कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजतात. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या शरीरात सुरू झालेल्या त्या पेशी आज जगभरच्या कुत्र्यांत जगताहेत. कुत्र्याच्या पेशीत ७८ गुणसूत्रं असतात, या गाठीच्या पेशीत साठाच्या आसपास. माणसाला हा रोग होत नाही, तेव्हा त्या भीतीने कुत्र्याला हाकलू नका.

प्रसार मुख्यतः समागमातून होतो, पण हुंगण्या-चाटण्यातूनही. त्यामुळे गाठ नाकात, तोंडात, डोळ्याजवळही येते. नाकातून रक्त आलं की आपल्याकडे आधी गोचीड तापाची शंका घेतात, ती रास्तच आहे. पण औषध घेऊनही एकाच नाकपुडीतून रक्त येत राहिलं, नाकाचं हाड सुजलं, तर टीव्हीटीची तपासणी मागा. गाठीवर काच टेकवून घेतलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बहुधा निदान होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक पुढची. टीव्हीटीवर व्हिन्क्रिस्टीन या कॅन्सरच्या औषधाचं इंजेक्शन आठवड्याला एक, असे साधारण चार ते आठ डोस लागतात. दोन डोसांतच रक्त थांबतं, गाठ आक्रसते, कुत्रं पुन्हा शेपटी हलवत पळायला लागतं आणि माणसं उपचार सोडतात. कृपा करून सोडू नका! उरलेल्या पेशींतून गाठ परत वाढते, आणि मग ती औषधाला दाद देईलच असं नाही. कोर्स पूर्ण झाला तर बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. नुसती गाठ कापून टाकली तर ती पुन्हा येण्याचा धोका मोठा.

इंजेक्शन घरी, ओळखीच्या माणसाकडून देऊ नका. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी सडते. पांढऱ्या पेशीही घटतात, म्हणून डोसाआधी रक्त तपासून घ्या. नंतरचे काही दिवस लघवी-शी हातमोजे घालूनच साफ करा, गर्भवतींनी दूर राहावं.

नसबंदी केली म्हणजे असलेली गाठ जाईल, हा गैरसमज. नसबंदीने समागम थांबतो, प्रसार घटतो. गाठीवर इलाज वेगळाच.

आणि रक्त गळणारं कुत्रं गाडीत घालून लांब सोडून येऊ नका. तिथल्या टोळीतही त्या पेशी पोचतात, आणि त्याचा अर्धवट राहिलेला कोर्स पुढे कोण करणार?