किसपेप्टिनचं रिसर्च वाचताना नेमकं काय बघायचं

किसपेप्टिन म्हणजे "फर्टिलिटी वाढवणारा हार्मोन" असं कुठेतरी वाचलं असेल तर आधी साखळी समजून घ्या. हा पेप्टाइड (म्हणजे प्रोटीनचा छोटा तुकडा) मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधल्या जीएनआरएच नावाचा हार्मोन सोडणाऱ्या पेशींना जागं करतो, त्यामुळे मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच आणि एफएसएच हे दोन हार्मोन सुटतात आणि मग ते अंडाशयावर नाहीतर वृषणावर काम करतात. म्हणजे अंडाशयातली बीजंच संपत आली असतील तर वरून कितीही जोर लावा, उपयोग नाही. २००३ मध्ये कळलं की याच्या रिसेप्टरच्या (पेशीवर हा जिथे चिकटतो त्या जागेच्या) जीनमध्ये बिघाड असला तर माणूस वयातच येत नाही, आणि मग सगळे याच्या मागे लागले, तोवर किसपेप्टिनचा जीन कॅन्सरच्या रिसर्चमध्येच ओळखीचा होता.

पेपर उघडला की पहिल्यांदा बघा कुठला प्रकार वापरलाय, किसपेप्टिन-५४ की किसपेप्टिन-१० (आकडा म्हणजे साखळीतल्या अमिनो आम्लांची संख्या), कारण १० वाला रक्तातून काही मिनिटांतच जातो आणि ५४ वाला त्यापेक्षा बराच टिकतो. मग बघा कसा दिलाय, इथे बरेच जण गंडतात. हायपोथॅलॅमसच्या बिघाडामुळे पाळी थांबलेल्या (रजोनिवृत्ती झालेल्या नव्हे) बायकांना ५४ चं इंजेक्शन रोज दोनदा दिलं तर सुरुवातीला एलएच मस्त वर गेला, पण दोन आठवड्यांत शरीराची दाद खूपच कमी झाली. त्यामुळे जास्त डोस म्हणजे जास्त फायदा हे गणित इथे चालत नाही.

आयव्हीएफचं वाचत असाल तर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजचं काम बघा. २०१४ मध्ये त्यांनी बीजं पक्व करायला एचसीजी या नेहमीच्या हार्मोन इंजेक्शनच्या जागी किसपेप्टिन-५४ दिलं. एचसीजी शरीरात खूप वेळ राहतं, त्यातून ओएचएसएस होऊ शकतो, म्हणजे अंडाशय सुजतं, पोटात पाणी होतं, कधीकधी जिवावर बेततं. किसपेप्टिन शरीराचाच एलएच सोडायला लावतं म्हणून धोका कमी. २०१५ मध्ये ओएचएसएसचा धोका जास्त असलेल्या ६० बायकांवर बघितलं, मध्यम किंवा गंभीर त्रास कोणालाच झाला नाही. पण ६० हा आकडा लहानच आहे, आणि "बीज पक्व झालं" आणि "बाळ झालं" हे दोन वेगळे निकाल आहेत, हेडलाइनमध्ये ते सर्रास एक करतात, म्हणून आत जाऊन कोणता मोजलाय ते बघाच.

आणि हो, ऑनलाइन "फक्त रिसर्चसाठी" लिहून ज्या बाटल्या विकतात त्या टोचून घेऊ नका, आत काय आहे कोण तपासतंय? पाळी थांबली असेल तर आधी प्रेग्नन्सी टेस्ट करा, मग डॉक्टरांना एफएसएच, एलएच, प्रोलॅक्टिन (हाही एक हार्मोन) आणि थायरॉइडच्या तपासण्यांबद्दल विचारा.