भिंतीवरचं वचन पुन्हा पानावर कसं वाचावं

वसई-उत्तनपासून रेवदंडा, वेंगुर्ला, सावंतवाडीपर्यंत ख्रिस्ती घरांत बायबलची वचनं बहुतेक वेळा सुटी भेटतात. कॅलेंडरवर, होडीच्या केबिनवर, लग्नपत्रिकेच्या माथ्यावर, आणि रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सूर्योदयाच्या फोटोसकट. वचन बायबलमधलंच असतं. पण ते कोणाच्या तोंडचं आणि कोणासाठी होतं, हे त्या फोटोत मावत नाही, आणि गैरसमजाची सुरुवात तिथेच होते.

लागतं ते फार नाही. समासात संदर्भ दिलेलं पूर्ण बायबल, एक वही, पेन्सिल आणि सलग अर्धा तास. शक्यतो छापील प्रत घ्या. फोनवर शोधलं की नेमकं तेवढंच वचन उघडतं. कागदावर नजर आपोआप वरच्या ओळींवर जाते. मासेमारी बंद असते त्या जून-जुलैत संध्याकाळी वेळही मिळतो, आणि एखादं पत्र सलग वाचायला तो उत्तम मोसम आहे.

आधी मागे जा

वचन सापडलं की लगेच अर्थ लावायला बसू नका. बोलणारा बदलतो किंवा प्रसंग बदलतो तिथपर्यंत मागे जा, मग तितकंच पुढे. अध्यायाच्या आकड्यावर थांबू नका. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली आहे आणि नव्या करारातले वचनांचे आकडे 1551 सालचे. नव्या करारातली बरीच पत्रं ज्याच्या नावावर आहेत त्या पौलाने पत्र लिहिलं तेव्हा त्यात आकडे नव्हते. काही ठिकाणी ही विभागणी चालू विषयाच्या मधोमधच पडली आहे.

मग वहीत चार ओळी लिहा: कोण बोलतंय, कोणाला, कधी, आणि कशामुळे. चौथी ओळ रिकामी राहिली तर अजून थोडं मागे जावं लागेल, असं समजा.

यिर्मया 29:11 वर हे करून पाहू. ‘तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत’ या आशयाचं हे वचन बारावीच्या निकालाला, आखाताच्या व्हिसाला, नव्या घराला हमखास येतं. आता अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. हे पत्र आहे. संदेष्टा यिर्मया ते यरुशलेमहून बाबेलला (बॅबिलॉनला) पाठवतो, राजा यकोन्याबरोबर कैद करून नेलेल्या लोकांना, म्हणजे इ.स.पू. 597 नंतरची गोष्ट. ‘कशामुळे’ हे मात्र 28व्या अध्यायात सापडतं. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा जाहीर करतो, दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल. यिर्मयाचं पत्र त्याच्या नेमकं उलट सांगतं: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलं आहे त्याचं भलं मागा (वचनं 5 ते 7). दहाव्या वचनात आकडा येतो, 70 वर्षं. अकरावं त्यानंतर.

म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना मायदेश पुन्हा दिसणार नव्हता; वचन फळणार होतं ते नातवंडांच्या काळात. आणि ‘तुम्हांला’ हे अनेकवचन आहे, अख्ख्या समाजाला उद्देशून. परीक्षेला निघालेल्या मुलाला हे वचन देऊ नये असं नाही. द्यायचं तर दहाव्यासकट द्या. उशीर झाला म्हणून देव विसरला असं होत नाही, एवढं त्याला कळेल, आणि निकाल बिघडला तर वचन खोटं ठरल्यासारखंही वाटणार नाही.

तोंड कोणाचं, ते पाहा

बायबलमध्ये छापलेलं प्रत्येक वाक्य देवाचं म्हणणं नसतं. नव्या दुकानाच्या फलकावर आवडीने लिहिलं जाणारं ईयोब 8:7 घ्या: आरंभ लहान असला तरी शेवट मोठा होईल. हे ईयोबाचा मित्र बिल्दद म्हणतो. ईयोबाची मुलं नुकतीच दगावली आहेत आणि हा गृहस्थ तीन वचनं आधी सुचवतो की त्यांच्या पापाचं फळ त्यांना मिळालं. शेवटी 42:7 मध्ये देव या मित्रांवरच रागावतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत म्हणून. फलक रंगवण्याआधी हे वाचलेलं बरं!

मत्तय 4:6 मध्ये तर स्तोत्र 91 उद्धृत करणारा सैतान आहे. शब्द बरोबर, वापर चुकीचा.

समासातला संदर्भ उघडा

पावसामुळे प्रार्थनेला चारच माणसं आली की कोणीतरी मत्तय 18:20 म्हणतं: दोघे-तिघे माझ्या नावाने जमले तिथे मी आहे. आता पंधराव्या वचनापासून वाचा. विषय भांडणाचा आहे. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने जाऊन बोल; ऐकलं नाही तर एक-दोघांना घेऊन जा; तरीही नाही, तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला सांग. सोळाव्या वचनाचा संदर्भ जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 19:15 कडे नेतो, दोघा-तिघा साक्षीदारांच्या नियमाकडे. ‘दोघे-तिघे’ आले ते तिथून. अवघड निवाडा करणाऱ्या थोड्याशा माणसांना दिलेला हा आधार आहे. उपस्थिती कमी असल्याचं समाधान त्यातून काढलं, तर मत्तय 6:6 मधल्या दार लावून एकट्याने करायच्या प्रार्थनेचं काय करणार?

लिखाणाचा प्रकार

पत्र असेल तर एका बैठकीत सगळं वाचा. फिलिप्पैकरांस पत्राला चारच अध्याय आहेत. मोठ्याने वाचलं तरी पंधरा-वीस मिनिटांत संपतं. असं वाचलं की 4:13 मधलं ‘मी सर्वकाही करू शकतो’ हे क्रिकेटच्या टी-शर्टवर शोभणारं वाटत नाही. पौल बेड्यांत आहे, आलेल्या मदतीबद्दल आभार मानतो आहे, आणि आदल्याच वचनात सांगतो की पोटभर असणं आणि उपाशी असणं, दोन्ही शिकलो. ‘सर्वकाही’त उपासही आला.

‘नीतिसूत्रे’ या पुस्तकातली वचनं मात्र सलग वाचून फारसं हाती लागत नाही. ती प्रसंगाला लागू होतात, हमी देत नाहीत. 26:4 आणि 26:5 शेजारीशेजारी आहेत: मूर्खाला उत्तर देऊ नको, मूर्खाला उत्तर दे. म्हणून 22:6 (मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही) दाखवून, मुलगा वाट चुकला तो तुमच्या वळणामुळेच, असा ठपका कोणा आईबापावर ठेवू नका.

कुठे फसतं

सगळ्यात जास्त फसतं ते टिपांवर उडी मारल्याने. पानाखालची टीप वाचली की आपण वाचल्याचा भास होतो. आधी वहीतल्या चार ओळी, मग टीप. दुसरं, रविवारच्या मिस्सेतलं, म्हणजे चर्चमधल्या उपासनेतलं वाचन. ते निवडलेलं असतं आणि कधी मधली वचनं गाळलेली असतात. घरी आल्यावर गाळलेला भाग उघडून पाहा. तिसरा धोका उलट बाजूचा: संदर्भ कळला म्हणून आजीच्या आवडीचं वचन तिच्यासमोर मोडून काढायचं. तसं करू नये. तिच्याजवळ बसून अख्खा अध्याय वाचून दाखवा, पुढचं ती बघेल.

सरावाला ही तीन घ्या. मत्तय 7:1, पण पाचव्या वचनापर्यंत. तिथे कुसळ काढायला मनाई नाही, आधी स्वतःचं मुसळ काढायचं आहे. स्तोत्र 46:10, आठव्यापासून. धनुष्यं मोडली जात असताना ते ‘शांत राहा’ कोणाला म्हटलंय ते पाहा. आणि प्रकटीकरण 3:20, चौदाव्यापासून. दार ठोठावलं जातंय ते लावदिकीयाच्या मंडळीचं, म्हणजे आधीच विश्वासात असलेल्यांचं.