जर्मनीत कोरी करकरीत गाडी, हवी तश्शी: ऑर्डर देण्याआधी

भारतात एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय यांतलं एक निवडलं, रंग सांगितला की काम झालं. इथल्या युरोपियन कंपन्या अजूनही बऱ्याच गोष्टी सुट्या विकतात. कोरियन आणि जपानी गाड्यांत मात्र आपल्यासारखीच ठरलेली मॉडेलं असतात. तिथे घासाघीस किमतीवर करायची, ऑप्शनवर डोकं लावायचं नाही.

कंपनीच्या साइटवरच्या कॉन्फिगुराटोरमध्ये गाडी आधी घरी बसून जुळवा आणि शेवटी मिळणारा कोड घेऊन डीलरकडे जा. हात हलवत गेलात तर विक्रेता अंगणात उभी असलेली गाडी गळ्यात मारायला बघणारच. त्याची तयार गाडी स्वस्त पडते हे खरं, पण त्यात नको ते असतं आणि हवं ते नसतं.

पैसे कुठे घालायचे? जे नंतर बसवता येत नाही, तिथे. इलेक्ट्रिक गाडीतला हीट पंप (कमी विजेत गाडी गरम ठेवणारा) आणि मॅट्रिक्स हेडलाइट (समोरच्या गाडीपुरता झोत आपोआप झाकणारे) ही ठळक उदाहरणं. मागचा टो-बार, म्हणजे आन्हेंगरकुप्लुंग, नंतर बसतो. पण वायरिंग आणि कोडिंग (गाडीच्या संगणकात त्याची नोंद) धरून खर्च बराच वाढतो. 'आम्ही कुठे ट्रेलर ओढणार' असं म्हणू नका, कारण त्याचा खरा उपयोग सायकली नेण्याचा स्टँड लावण्यासाठी आहे. २५ किलोची एक, अशा दोन ई-बाइक आणि १८ किलोचा स्टँड मिळून ६८ किलो झाले. म्हणून टो-बारवर किती भार चालतो, तो श्ट्यूत्सलास्टचा आकडा आधी बघा. ७५ असेल तर जमलं, ५० असेल तर नाही.

असिस्टंट पॅकेजवर, म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणांच्या संचावर, लगेच भुलू नका. ७ जुलै २०२४ पासून युरोपीय संघात नोंदणी होणाऱ्या प्रत्येक नव्या कारमध्ये आपोआप लागणारा इमर्जन्सी ब्रेक, लेन सांभाळणारी यंत्रणा आणि वेगमर्यादेची सूचना सक्तीचीच आहे. पॅकेजमध्ये त्यापलीकडे काय मिळतं, तेवढंच विचारा. मोठी चाकंही टाळलेली बरी. १९ इंची रिम दिसते झकास, पण हिवाळी टायरचा सेट घेताना खिसा कळतो. आणि टायर घ्यावे लागतातच: बर्फावर, निसरड्या रस्त्यावर डोंगर-हिमकणाचं चिन्ह नसलेल्या टायरवर सापडलात तर ६० युरो दंड आणि चालकाच्या सरकारी नोंदीत एक दंड-पॉइंट. ते चिन्ह असलेले ऑल-सीझन टायर चालतात.

विम्याचा दर ऑर्डरआधीच काढा. भारतातला नो क्लेम बोनस इथे बहुतेक कंपन्या धरत नाहीत, त्यामुळे पहिल्या वर्षी हप्ता डोळे पांढरे करतो. आणि लायसन्स! इथे राहायला आल्यापासून सहा महिनेच भारतीय लायसन्स चालतं, पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा. गाडी दारात आणि चालवायला कोणी नाही, अशी वेळ आणू नका.

आता सही. कागदावर 'फेरबिंडलिखे बेश्टेलुंग' असतं, म्हणजे तुमच्यावर बंधनकारक ऑर्डर. प्रचलित अटींनुसार कारखान्यातून मागवायच्या गाडीसाठी तुम्ही तीन आठवडे बांधील राहता. डीलरने तेवढ्यात लेखी होकार दिला की करार पक्का. शोरूममध्ये बसून सही केली तर १४ दिवसांत परत फिरण्याचा हक्क नसतो. गाडी नाकारली तर किमतीच्या १५ टक्के भरपाई मागितली जाऊ शकते. किमतीत ऊबरफ्यूरुंग, म्हणजे गाडी डीलरपर्यंत आणण्याचा खर्च, धरला आहे का ते पाहा. तो साधारण हजार युरोच्या घरात जातो.

होकाराचं पत्र आलं की एकेक ओळ तुमच्या यादीशी ताडून घ्या. नावांपेक्षा कोड बघा: बीएमडब्ल्यूत ४९४ म्हणजे पुढच्या सीटची हीटिंग. बहुतेक घोळ इथेच होतात. मधल्या काळात मॉडेल वर्ष बदलतं, एखादं ऑप्शन बंद होतं किंवा दुसऱ्या पॅकेजमध्ये जातं. बदल करायचा तर कारखान्यात ऑर्डर गोठायच्या, म्हणजे बदल घेणं बंद व्हायच्या, आत. ती तारीख डीलरकडून ईमेलवर मागून घ्या, तोंडी नको.

डिलिव्हरीची तारीख बहुधा 'उनफेरबिंडलिख', म्हणजे बिनबंधनाची, असते. ती उलटून सहा आठवडे झाले की लेखी मागणी करा. त्यानंतर डीलर कायद्याने दिरंगाईत येतो आणि वाजवी मुदत देऊन तुम्ही करार सोडू शकता. नुसते फोन करून हे होत नाही.

नोंदणीसाठी पासपोर्टसोबत पत्त्याचा दाखला, विम्याचा ईव्हीबी क्रमांक (विमा असल्याचा कंपनीने दिलेला पुरावा) आणि वाहनकरासाठी बँक खात्याचा आयबान लागतो. मनाजोगा नंबर हवा तर १०.२० युरो जास्त. गाडी ताब्यात घेताना दिवसाउजेडी, कोरड्या हवेत घ्या. काचेखालचा चासी नंबर कागदाशी जुळवा, सीट हीटिंग ते मागचा कॅमेरा सगळं चालू करून पाहा. काही कमी असेल तर ते हस्तांतराच्या कागदावर लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.