लेखकाशी गप्पा ठेवायच्यात? आधी नदीवर जाऊन या

आमच्या बडोद्यात मराठी पुस्तकाच्या कार्यक्रमाला माणसं येतात हो, साठ-सत्तर तर सहज, दांडिया बाजार-बाबाजीपुऱ्यातली जुनी मंडळी, त्यांच्या गुजराती सुना-जावई, युनिव्हर्सिटीतली पाच-सहा पोरं. अडचण असते ती लेखकासमोरच्या दुसऱ्या खुर्चीत बसणाऱ्याची. ती खुर्ची गेली काही वर्षं बऱ्याचदा माझ्याच गळ्यात पडते (कारण बाकी कोणी पुस्तक वाचून येत नाही), तर इतिहास, सामाजिक न्याय आणि निसर्ग या तीन विषयांवर लिहिणाऱ्यांशी बोलताना काय केलं, काय फसलं ते एकदाचं लिहून टाकतो, तुमच्या मंडळात कामाला येईल.

पहिल्याच वेळी मी विचारलं होतं, तुम्हाला लिहायची प्रेरणा कुठून मिळाली? समोरच्या सरांनी आजोळचा वाडा, आजोबांची पेटी, शाळेतले गुरुजी असं करत बावीस मिनिटं घेतली आणि मग घरी येऊन यूट्यूबवर बघतो तर तेच उत्तर, तोच वाडा, तीच पेटी, आधीच्या चार कार्यक्रमांत शब्दन् शब्द. त्यांचा काय दोष, प्रश्नच गुळगुळीत होता. तेव्हापासून हा प्रश्न बंद. 'तरुण पिढीला काय संदेश द्याल' हाही बंद.

पुस्तक दोनदा वाचा. पहिल्यांदा नुसतं वाचा, पेन्सिल लांब ठेवून. दुसऱ्यांदा चिकटपट्ट्या घेऊन बसा आणि जिथे थांबलात, जिथे पटलं नाही, जिथे कळलंच नाही तिथेच लावा, छान वाटलं तिथे लावू नका, त्याचं कौतुक लोक करतातच. प्रश्न विचारताना पान उघडून वाक्य वाचून दाखवायचं आणि मग विचारायचं. याचा एक फायदा आहे, लेखक एकदम सरसावून बसतात, कारण समोरचा खरंच वाचून आलाय हे त्यांना क्वचितच दिसतं. सात प्रश्न लिहून न्या, चार विचारून होतात.

इतिहासवाल्यांना मी एकच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतो: हे तुम्हाला कसं कळलं? म्हणजे जुन्या कागदांच्या कुठल्या दप्तरात, मोडी लिपीत होतं का, कोणी वाचून लावून दिलं, कागद अर्धा फाटलेला असला तर पुढचं कसं ठरवलं. बडोद्यात हा प्रश्न चालतोच, कारण इतिहासकार रियासतकार सरदेसाई इथेच सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते, आमच्याकडे कागदाचं कौतुक जुनं आहे. आता बघा, १९०६ ला सयाजीरावांनी राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं हे इथल्या रिक्षावाल्यालाही सांगता येतं. त्यावर 'महाराज किती द्रष्टे होते ना' असं विचारलंत तर 'हो' एवढंच उत्तर येणार, दुसरं काय येणार. त्याऐवजी विचारा की कायदा झाला, पण मुली खरंच वर्गात येऊन बसल्या का हे तुम्ही कुठे शोधलंत, हजेरीपटात की आईबापांना केलेल्या दंडाच्या नोंदींत? एकदा हे विचारलं तर पाहुण्या सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढची पंधरा मिनिटं मला बोलावंच लागलं नाही.

सामाजिक न्यायावर मात्र माझी जी फजिती झाली ती सविस्तर सांगतो. पाहुणे होते जातीच्या प्रश्नावर लिहिणारे एक लेखक. मी प्रस्तावना झकास केली असं मला वाटत होतं: १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, आपल्या शहराला केवढा अभिमान वगैरे. टाळ्या पण पडल्या. लेखक माइकजवळ वाकले नि म्हणाले, "आणि १९१७?"

मला माहीत होतं. सभागृहातल्या निम्म्या लोकांना माहीत होतं. शिष्यवृत्तीच्या करारापायी बाबासाहेब इथे नोकरीला आले, शहरात राहायला जागा कोणी देईना, पारशी सराईत नाव बदलून राहावं लागलं, कचेरीत शिपाई लांबून फायली टाकायचे, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना सराईतून बाहेर काढलं. मुंबईची गाडी रात्री नऊची, तोवरचे पाच तास त्यांनी कमाटीबागेत काढले, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. ती कमाटीबाग म्हणजे आपली सयाजीबाग, जिथे आपण पोरांना घेऊन जातो. मी हे सगळं गाळलं होतं, मुद्दाम नाही पण गाळलं होतं, कार्यक्रम गोड व्हावा म्हणून. त्या दिवसापासून ठरवलंय, आपल्या गावाची शेखी मिरवणारा प्रश्न सुचला की त्याला लागूनच गावाला टोचणारा प्रश्न पण विचारायचा, आणि तो आपण विचारायचा, पाहुण्यावर ती वेळ आणायची नाही.

अजून एक, दलित किंवा आदिवासी लेखक समोर असला की लोक सगळ्या समाजाचा हिशेब त्याच्याकडे मागतात, 'तुमच्या लोकांना काय वाटतं' असं. हे करू नका. त्या माणसाने एक पुस्तक लिहिलंय, त्यातल्या भाषेबद्दल, रचनेबद्दल पण विचारा ना, एखादा शब्द बोलीतलाच का ठेवला ते विचारा. आणि आयुष्यातला दुखरा प्रसंग चारचौघांत पुन्हा सांगायला लावू नका, आदल्या दिवशी फोनवर विचारून घ्या की यावर बोलायचंय का. नाही म्हणाले तर नाही.

निसर्गावर लिहिणारे तर हॉलमध्ये आणूच नका, म्हणजे आणा पण संध्याकाळी. सकाळी किंवा दुपारी त्यांना बाहेर न्या. आम्ही एका ताईंना डिसेंबरच्या दुपारी काळ्या घोड्याजवळच्या पुलावर नेलं होतं. खाली विश्वामित्री नदी, वास येतो हे आधीच सांगतो, आणि काठावरच्या चिखलात मगर पडलेली, तोंड आ वासून. कोणीतरी म्हणालं, बापरे चिडलीये. ताई म्हणाल्या चिडली नाही, अंग तापलं की ती तोंड उघडून ठेवते, गार व्हायला. मग चारेक मिनिटं त्या काहीच बोलल्या नाहीत, कठड्यावर हात ठेवून नुसत्या बघत होत्या, आणि मला आपली घाई, मी प्रश्नांचा कागद काढला होता तो गुपचूप खिशात घातला. मग त्यांनीच मला विचारायला सुरुवात केली, पूर येतो तेव्हा या कुठे जातात, तुमच्या सोसायटीत आली होती का. २०१९ ला आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये मगरी रस्त्यावर आल्या होत्या ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं, पण आमच्या घरात कंबरभर पाणी असताना आई माळ्यावर बसून आधी लोणच्याच्या बरण्या मागत होती हे मी त्या पुलावर पहिल्यांदा कोणाला सांगितलं. संध्याकाळी हॉलमध्ये आमचं सगळं बोलणं तिथूनच सुरू झालं: पावागडहून निघालेली नदी, शहरात तिच्या कडेला भरलेली माती, मग पाणी कोणाच्या घरात शिरतं आणि कोणाच्या नाही. बघता बघता निसर्गाचा विषय न्यायाचा झाला, मी काही जुळवलं नव्हतं.

आता किरकोळ पण महत्त्वाचं. मानधन आणि तिकिटाचं पहिल्याच फोनवर बोला, 'ते बघून घेऊ' म्हणू नका, लेखकाला मागायची लाज वाटते आणि आपण त्याचा फायदा घेतो. पैसे नसतील तर नाहीत म्हणून सांगा. हाक कशी मारायची ते पण विचारून घ्या, काहींना मॅडम चालत नाही, काहींना ताई चालत नाही. पंखा माइकच्या डोक्यावर नको, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये नुसता घरघराट, आणि दोन मोबाइलवर रेकॉर्ड करा, दोन्ही फ्लाइट मोडवर. माझ्या एका कार्यक्रमात ऐन रंगात आलेलं बोलणं कर्ज पाहिजे का विचारणाऱ्या फोनने तोडलं होतं.

प्रेक्षकांचे प्रश्न चिठ्ठीवर घ्या. हात वर करायला सांगितलंत की तिसऱ्या रांगेतले काका उठतात, "प्रश्न नाही, फक्त दोन शब्द," आणि ते दोन शब्द तुम्हाला माहीतच आहेत किती लांब असतात. गुजरातीत लिहिलेली चिठ्ठी आली तर गुजरातीतच वाचा आणि मग मराठीत सांगा, सुना-जावई खूश होतात, पुढच्या वेळी शेजाऱ्यांना घेऊन येतात. शेवटी आभारप्रदर्शन तीन मिनिटांत संपवा आणि पाहुण्यांना शेवउसळ खायला घेऊन जा, तिखट किती ते आधी सांगून.

गप्पा कुठे छापणार असाल तर लेखकाला एकदा वाचायला पाठवा, आणि पाठवायच्या आधी रेकॉर्डिंग कानाला लावून स्वतः पूर्ण वाचा. मी एकदा फोनकडून आपोआप टाइप करून घेतलं आणि तसंच पाठवून दिलं. त्या मगरवाल्या ताईंचा रात्री मेसेज आला, सगळं ठीक आहे हो, पण तुमच्या नदीचं नाव अकरा ठिकाणी विश्वमैत्री आलंय.