बडग्या पाहता येतो तर पेंटिंग पण पाहता येते

मागच्या महिन्यात एका मित्राला घेऊन नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका चित्रांच्या एक्झिबिशनला गेलो होतो, भाऊ आत शिरला आणि एकदम गप. हाच माणूस तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नेहरू पुतळ्याजवळ गर्दीत उभा राहून एकेका बडग्यावर (म्हणजे लोकांना छळणाऱ्या गोष्टींची टर उडवणारा मिरवणुकीतला मोठा पुतळा) अर्धा अर्धा तास बोलते, याचं तोंडच जमलं नाही, त्याचे हात लांब झाले, मागच्या वर्षी महागाईवाला काय खतरनाक होता वगैरे. इथे मात्र हात मागे बांधून प्रत्येक चित्रासमोर सात-आठ सेकंद, आणि बाहेर चहाच्या टपरीवर आल्या आल्या मला विचारते, "खरं सांग बे, याला कला म्हणतात?" त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या बाकीच्यांसाठी हे लिहून राहिलो.

तर सगळ्यात आधी तो टपरीवरचा प्रश्न खिशात टाका. "ही कला आहे का" हा एक प्रश्न आणि "हे चांगलं जमलंय का" हा दुसरा, आणि आपण पहिला विचारतो तेव्हा मनात दुसराच असते. आवडलं नाही की म्हणतो ही कलाच नाही. अरे भाजी खारट झाली तरी ती भाजीच राहते ना.

पहिल्या प्रश्नावर लोक कोर्टात पण जाऊन आलेत. ब्रांकुशी नावाच्या शिल्पकाराचं 'बर्ड इन स्पेस' १९२६ मध्ये न्यूयॉर्कला पोचलं, ब्राँझचा उंच चकचकीत निमुळता आकार, पंख नाही चोच नाही काही नाही. कलाकृतीवर ड्यूटी लागत नव्हती, पण कस्टमवाले म्हणाले हा कुठला पक्षी, आणि त्यांनी ते स्वयंपाकघर आणि हॉस्पिटलच्या सामानात टाकून ४० टक्के ड्यूटी लावली. केस चालली, १९२८ मध्ये निकाल लागला की पक्ष्यासारखं दिसायलाच पाहिजे असं काही नाही, धंद्यानेच शिल्पकार असलेल्या माणसाने स्वतः घडवलंय, दिसायला सुंदर आहे, म्हणजे कलाकृती. शिल्प किती भारी आहे याचे मार्क काही कोर्टाने दिले नाहीत, त्यांना फक्त कुठल्या कलमात टाकायचं तेवढं ठरवायचं होतं. द्यूशाँ नावाच्या कलाकाराने १९१७ मध्ये कला म्हणून प्रदर्शनाला पाठवलेलं मुतारीचं भांडं घ्या नाहीतर भिंतीला टेपने चिकटवलेलं ते केळ घ्या जे २०२४ मध्ये ६२ लाख डॉलरला गेलं, तिथे पण वाद कलमाचाच. त्यावर रात्रभर भांडता येते, पण समोरचं चित्र पाहायला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आणि हे कलम बऱ्याचदा वस्तू कुठे ठेवली त्यावर ठरते. बडग्या रस्त्यावर निघाला तर सण. बांबू, कागद आणि जुन्या कपड्यांचा तोच पुतळा एसी हॉलमध्ये वरून लाइट मारून उभा करा, लगेच इन्स्टॉलेशन आर्ट. आपल्याकडे काळी-पिवळी मारबत, बडग्यासारखाच पण बाईचा पुतळा, १८८० च्या दशकापासून निघते, दरवर्षी नवीन बनते, मिरवते आणि शेवटी जाळून टाकतात, खाली कोणाची सही नाही. गोंड चित्रांचं पण तेच झालं. पाटणगड गावचा जनगड सिंह श्याम घराच्या भिंतीवर काढायचा, चित्रकार जगदीश स्वामीनाथनच्या लोकांना दिसला, भोपाळच्या भारत भवनात आला, हात तोच, फक्त भिंतीचा कागद झाला आणि खाली नाव आलं, मग लोक त्याला आर्टिस्ट म्हणायला लागले. म्हणून म्हणतो पहिला प्रश्न सोडा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, चांगलं जमलंय का. गॅलरीत गेल्यावर चित्राच्या बाजूची चिठ्ठी आधी वाचू नका, ती वाचली की डोळे काम करणं बंद करतात आणि आपण फक्त चिठ्ठीत लिहिलेलं चित्रात शोधत बसतो. सगळी भिंत पाहायची नाही, एकच चित्र निवडायचं, आणि मोबाइलवर पाच मिनिटं लावून उभं राहायचं. पहिली दोन मिनिटं जाम बोअर होते, पाय दुखतात, कोणी पाहून तर नाही राहिलं असं वाटते, होऊ द्या. मनातल्या मनात फक्त काय दिसते ते बोलायचं, खाली काळा पट्टा आहे, त्याच्यावर मातकट पिवळा, डावीकडे खरवडल्यासारखं काहीतरी. अर्थ लावायचा नाही. अर्थ काय हे विचारूनच आपल्याकडे अर्धे लोक चित्रांपासून पळालेत.

मग जवळ जा, मग दहा पावलं मागे या, मग परत जवळ. जवळून रंग कसा लावला ते दिसते, ब्रशने की रोलरने की चाकूने, कडा सफाईदार आहेत की घाईत उरकल्यात. चित्रकार वासुदेव गायतोंडे १९२४ मध्ये आपल्या नागपुरातच जन्मले हे किती जणांना माहीत आहे कोण जाणे, त्यांच्या चित्राचा फोटो मोबाइलवर पाहिला तर पावसाळ्यात ओल धरलेली भिंत वाटते, मला पण वाटली होती. पण ते रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवायचे, काढायचे, परत चढवायचे, वर्षात मोजकीच चित्रं व्हायची, आणि समोर उभं राहिलं की तो उजेड आतून येते असं वाटते. हे फोटोत येतच नाही. २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींच्या वर गेलं, पण तो आकडा पाहून चित्राकडे बघू नका, लिलावातला आकडा एवढंच सांगते की किमान दोन पैसेवाल्यांना ते एकाच वेळी पाहिजे होतं.

यानंतर खरं काम, म्हणजे तुलना. एकटं चित्र जोखताच येत नाही. मित्राला बडग्याचं एवढं कळते कारण वीस वर्षं दरवर्षी तो डझनभर बडगे पाहून राहिला, आणि त्याला हे पण माहीत आहे की बडग्याचं काम काय, तर मागच्या गर्दीतल्या माणसाला लांबून चेहरा ओळखू आला पाहिजे आणि हसू फुटलं पाहिजे. बोटांची नखं बारीक रंगवली काय नाही काय, कोण पाहते. उलट वीतभर मिनिएचरमध्ये, म्हणजे बारीक कामाच्या छोट्या चित्रात, नखच बिघडलं तर सगळं गेलं. तर समोरच्या चित्राला पण हेच विचारा, याला नेमकं काय करायचं होतं, आणि ते झालं का. त्याच माणसाची आणखी चार-पाच चित्रं पाहिल्याशिवाय हे कळत नाही, म्हणून एका जणाचं एक्झिबिशन असलं तर आधी तिथे जा. दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात, चिटणवीस सेंटरला अधूनमधून लागत राहतात. काहीच नसेल तर अजब बंगला, म्हणजे आपलं जुनं म्युझियम आहे, १८६३ पासून आहे, तिथल्या मूर्ती पाहा, पण तीनच, आणि तिघींमध्ये शिल्पकाराने कंबर कशी वळवली तेवढंच पाहा. उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊ नका, त्या दिवशी समोसे आणि सत्कार पाहायला मिळतात. बुधवारी वगैरे दुपारी जा.

"हे तर माझं पोरगं पण काढेल" असं वाटलं तर खरंच काढायला लावा, मी भाच्याला लावलं होतं. चार मिनिटं पोट्ट्याने फार सुंदर निळे फराटे मारले, पाचव्या मिनिटाला सगळं चिखल करून टाकलं, कारण थांबायचं कुठे ते त्याला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक ॲबस्ट्रॅक्ट चित्रात हेच शोधतो की हा माणूस इथेच का थांबला असेल.

आवडणं आणि चांगलं असणं वेगळं ठेवा, "जमलंय भारी, पण मला घरात नको" हे एकदम चालणारं मत आहे. चिठ्ठी आता वाचली तरी चालते, फक्त त्यातलं वाक्य शेजारच्या चित्राला पण तसंच्या तसं चिकटत असेल तर सोडून द्या, "अवकाशाचा शोध" कुठेही चिकटते. चित्रकार भेटला तर अर्थ विचारू नका, कुठे अडकला होता ते विचारा, मग बघा कसा बोलते.

आणि चुकायला घाबरू नका. मी एकदा एका चित्रकारासमोर कोपऱ्यातल्या करड्या टेक्स्चरचं लय कौतुक केलं, तो म्हणाला अहो ती बुरशी आहे, पावसाळ्यात लागली. न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये १९६१ साली मातिसचं चित्र ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, तिथल्या जाणकारांना पण कळलं नाही, तर आपलं काय घेऊन बसलात.

मित्राला परवा परत नेलं. एकाच चित्रासमोर अकरा मिनिटं उभा होता, मी मोजली. मग म्हणे, "खालचा पिवळा जास्त झाला, वरचा बिचारा दबून गेला." मला तो पिवळाच आवडला होता. टपरीवर दोन चहा गार झाले तरी मिटलं नाही, आता रविवारी परत जाऊन राहिलो.