घर ३६ लाखांचं, मग जवळ किती हवेत?

मे महिन्यातल्या रविवारी, भर दुपारी, भाची आणि तिचा नवरा घरी आले. कूलरसमोर बसवलं, पन्हं दिलं. ग्लास अर्धा झाला नाही तोच भाचीनं पर्समधून बिल्डरचं माहितीपत्रक काढलं. नागपुरात मानेवाड्याकडे नवी स्कीम, टू बीएचके, ३६ लाख. मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं लिहिलेलं: ‘३६ चे १० टक्के = ३.६०. आपल्याकडे ५.२५. जमते!’ ‘जमते’च्या खाली दोन रेघा.

‘‘मावशी, बँक नव्वद टक्के देते न?’’

‘‘देते. पण तुला नाही देणार.’’

मी बावीस वर्षं बँकेच्या कर्ज विभागात काढली. सह्या घेता घेता एक गोष्ट रोज बघितली, की माणूस व्याजदरावर पाव टक्क्यासाठी तासभर भांडतो आणि आपल्या खिशातून एकूण किती जाणार, हे मात्र सँक्शन लेटर हातात पडल्यावर मोजायला बसतो. तोवर इसार देऊन झालेला असतो. म्हणून त्या दुपारी माहितीपत्रकाच्या त्याच बाजूला जे लिहून दिलं, तेच इथे मांडते.

आधी टक्केवारी. रिझर्व्ह बँकेनं २०१५ पासून ठरवून दिलेले टप्पे असे: कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० लाखांच्या वर ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, आणि त्याच्याही वर ७५ टक्के. उरलेलं ते तुमचं मार्जिन. आता नीट वाचा. हे टप्पे कर्जाच्या रकमेचे आहेत, घराच्या किमतीचे नाहीत. इथेच सगळे घसरतात.

३३ लाखांचं घर घेतलं तर ९० टक्के म्हणजे २९ लाख ७० हजार. पहिल्या टप्प्यात बसलं, तुमचे ३ लाख ३० हजार. भाचीच्या ३६ लाखांचे ९० टक्के होतात ३२ लाख ४० हजार. म्हणजे कर्ज ३० च्या वर गेलं, आणि वर गेलं की ८० टक्क्यांचा नियम लागतो. ८० टक्क्यांनी येतात २८ लाख ८० हजार. मग बँक काय करते, तर कर्ज ३० लाखांवर थांबवते. तेवढं पहिल्या टप्प्यात चालतं. उरलेले ६ लाख तुमचे.

साधारण ३३ लाख ३३ हजारांपासून साडेसदतीस लाखांपर्यंतच्या प्रत्येक घराला कर्ज ३० लाखच मिळतं. किंमत वाढली, की वाढलेला रुपया न् रुपया तुमच्या खिशातून. ३३ आणि ३६ मधल्या ३ लाखांपैकी २ लाख ७० हजार भाचीचे. साडेसदतीसच्या पुढे ८० टक्क्यांचं गणित नीट चालू होतं: ४० लाखांना ८ लाख, ४५ ला ९ लाख. असाच दुसरा खड्डा ९३ लाख ७५ हजार ते एक कोटीच्या मध्ये आहे, तिथे कर्ज ७५ लाखांवर अडतं. सिव्हिल लाइन्स, रामदासपेठेत घर बघणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

हे झालं नियमानं जास्तीत जास्त. बँक इतकं देईलच असं नाही. पगार, आधीचे हप्ते, सिबिल स्कोअर बघून ती हात आखडता घेऊ शकते. ३० लाख वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता २६ हजारांच्या आसपास बसतो. गाडीचा हप्ता आधीच चालू असेल तर पात्रता तिथेच आटते.

आता दुसरा हिशेब, ज्याची माहितीपत्रकावर एक ओळसुद्धा नव्हती. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि कागदपत्रांचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. घरच १० लाखांच्या आतलं असेल तर धरायची मुभा आहे, पण तसं घर आता शोधायचं कुठे? नागपूर महापालिका हद्दीत सगळे अधिभार धरून मी सात टक्के मोजते. बेसा-पिपळ्यासारख्या हद्दीबाहेरच्या भागात आकडा बदलतो, म्हणून निबंधक कार्यालयाबाहेरच्या दस्तलेखकाकडून पक्का करून घ्या. करारातली किंमत आणि रेडीरेकनरची, म्हणजे सरकारनं त्या भागासाठी ठरवलेली किंमत, यांतली जी मोठी तिच्यावर शुल्क लागतं. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का सवलत आहे. ‘फक्त’ म्हणजे फक्त. नवऱ्याचं नाव सोबत आलं की सवलत गेली. तो कर्जात सहकर्जदार राहू शकतो, मालक होता येत नाही.

जावई जरा चुळबुळले. म्हटलं, ३६ हजार वाचतात, विचार करा.

मग मी कागदावर एकाखाली एक लिहिलं. मार्जिन ६ लाख. मुद्रांक, भाचीच्या एकटीच्या नावावर, २ लाख १६ हजार. नोंदणी फी ३० हजार. एक टक्का असते, पण ३० हजारांच्या वर जात नाही. इमारत बांधकामात असल्यानं जीएसटी. इथे आपल्या नागपूरकरांचा फायदा आहे: ४५ लाखांच्या आतलं आणि चटई क्षेत्र ९० चौरस मीटरपर्यंतचं घर असेल तर जीएसटी एकच टक्का. मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत हीच मर्यादा ६० चौरस मीटर आहे. या चौकटीत बसलं नाही तर पाच टक्के. पूर्णत्वाचा दाखला मिळालेलं तयार घर घेतलं तर जीएसटी नाहीच. भाचीचे ३६ हजार. कर्जाच्या गहाणाची नोंद, जिला आम्ही एनओआय म्हणतो, त्याचे मुद्रांक ०.३ टक्के म्हणजे ९ हजार, वर थोडी फी, म्हणून १० धरले. प्रोसेसिंग फी, वकिलाचा टायटल सर्च, मूल्यांकन मिळून १५ हजार.

एकूण ९ लाख ७ हजार. वरच्या ओळीतले ३.६० मी खोडले नाहीत, नुसतं शेजारी लिहिलं. वीजमीटर, सोसायटीची अनामत, बिल्डरचे ‘लीगल चार्जेस’ हे सगळं अजून बाहेरच आहे. ते लेखी मागायचं. आणि ताबा मिळेपर्यंत घरभाडं आणि कर्जाचं व्याज एकाच वेळी जाणार, त्याचे सहा महिन्यांचे पैसे बाजूला हवेत. तेवढेही नसतील तर घर अजून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे नव्या फ्लॅटचं. जुन्या, म्हणजे रिसेलच्या फ्लॅटमध्ये वेगळा सापळा असतो, आणि त्यात मी स्वतः पडले. हो, कर्ज विभागात बसून! २०११ मध्ये २२ लाखांना एक फ्लॅट ठरवला, इसार देऊन मोकळी झाले. मूल्यांकन करणारा आला, टेप लावला, नकाशा उघडला आणि म्हणाला, ‘‘मॅडम, ही गॅलरी मंजूर नकाशात नाही.’’ आधीच्या मालकानं गॅलरी बंद करून छान खोली काढली होती, आणि मी त्याच खोलीवर भाळले होते. मूल्यांकन आलं २० लाख. करार आणि मूल्यांकन यांतला जो लहान आकडा, त्यावर बँक चालते. ८० टक्क्यांनी १७ लाख ६० हजारांच्या जागी १६ लाख मिळाले. १ लाख ६० हजारांचा खड्डा सासूबाईंनी मुदतठेव मोडून भरला, आणि पुढे किती वर्षं ते ऐकवलं, ते विचारू नका. तेव्हा रिसेलचा इसार देण्याआधी मंजूर नकाशाची प्रत मागा आणि खोल्या मोजा.

दुसरं, रोखीचं. ‘‘करार २५ चा करू, ५ वरून द्या,’’ असं विकणारा सहज म्हणतो. कर्ज २५ वरच मिळणार. वरचे ५ पूर्ण तुमचे, आणि त्यांची पावती नाही. शिवाय घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. बँकेला तर तुमच्या वाट्याची पावती लागते. ओसीआर म्हणतात तिला. ती आणि खात्यातली नोंद जुळली की मगच बँकेचा चेक निघतो. घर ५० लाख किंवा त्याच्या वरचं असेल तर विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून एक टक्का टीडीएस कापून सरकारात भरायचा. तो जास्तीचा खर्च नाही, पण भरायची जबाबदारी तुमची आहे.

प्लॉटचं निराळं. आपल्याकडे अजून पुष्कळांना ‘आपली जागा, आपलं घर’ हवं असतं. नुसत्या प्लॉटला बँका बहुधा किमतीच्या ७० ते ८० टक्केच देतात, आणि ठरलेल्या मुदतीत घर बांधण्याची अट घालतात. ले-आउट मंजूर नसेल, नागपूर सुधार प्रन्यासाचं (नासुप्र) रिलीज लेटर, म्हणजे आरएल नसेल, तर दारातूनच परत पाठवतात. गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीविना तुकडे पाडून विकलेला प्लॉट स्वस्त दिसतो, कारण तो बऱ्याचदा रोखीनंच घ्यावा लागतो. तिथे डाउन पेमेंट शंभर टक्के, असंच समजा.

वडिलोपार्जित जागेवर बांधणार असाल तर आर्किटेक्टच्या इस्टिमेटवर कर्ज मिळतं आणि प्लिंथ, स्लॅब, जोडाई अशा टप्प्यांनी हातात येतं. आधी तुमचे पैसे लागतात, मग बँकेचे. काही बँका प्लॉटची किंमत तुमच्या वाट्यात धरतात, काही नुसतं बांधकाम बघतात. बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा. आणि इस्टिमेट कमी दाखवू नका. स्लॅबपर्यंत पैसे संपलेली, सळया वर आलेली घरं नागपूरच्या कडेकडेनं हवी तेवढी दिसतात.

प्रधानमंत्री आवास योजनेबद्दल जावयांनी विचारलं. शहरी भागासाठीची दुसरी आवृत्ती सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ९ लाखांपर्यंत, देशात कुठेही पक्कं घर नाही, घर ३५ लाखांच्या आत आणि कर्ज २५ लाखांच्या आत असेल तर पहिल्या ८ लाखांवर चार टक्के व्याजाचं अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. पण ते पाच वार्षिक हप्त्यांत मिळतं, तेही घर घेतल्यावर. डाउन पेमेंटला त्याचा उपयोग नाही. ‘योजनेतून भरून निघेल’ असं सांगणाऱ्या एजंटाला चहा पाजा आणि निरोप द्या. भाची तर यात बसतच नव्हती: घर ३६ चं, कर्ज ३० चं.

‘पाच टक्के भरा, ताब्यापर्यंत हप्ता नाही’ अशा पाट्यांना भुलू नका. काम झालं नसताना बँकेनं बिल्डरला आगाऊ पैसे देऊ नयेत, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बजावलंय. अशा योजनेत ताब्यापर्यंतचे हप्ते बिल्डर भरतो, पण तो भरायचा थांबला तर बँक कर्जदाराला शोधते, आणि कर्जदार तुम्ही. शिवाय रेराच्या कायद्यानं, करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. मागितली तर ‘आधी करार नोंदवा’ एवढंच म्हणायचं.

मग ५ लाख २५ हजार आणि ९ लाख ७ हजार यांच्यातले ३ लाख ८२ हजार आणायचे कुठून? जावई म्हणाले, पर्सनल लोन. मी नाही म्हटलं. त्याचा हप्ता बँक पात्रतेत मोजते, म्हणजे इकडून आणलेलं तिकडून कमी होतं. पीएफमधून घरासाठी रक्कम काढता येते, ती आधी बघा. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर कर्ज घेतलं तर नुसतं व्याज भरत राहिलं तरी चालतं. आई-वडील, सख्खी भावंडं, मामा, मावशी यांनी दिलेल्या पैशांवर आयकर लागत नाही. बँकेतून द्यायचे आणि एक साधं बक्षीसपत्र लिहून ठेवायचं. (मावशीचं नाव यादीत ऐकून दोघांनीही एकदम पन्ह्याचा ग्लास उचलला.)

उलट ज्यांच्याकडे पैसे जास्त आहेत, त्यांनी सगळे मार्जिनमध्ये ओतू नयेत. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात आधी पैसे भरल्याबद्दल दंड नाही. जास्त कर्ज घ्या, पैसे वर्षभर हाताशी ठेवा, फर्निचर आणि आजारपणं निभावली की मग मूळ रकमेत भरा. एकदा भरलेले पैसे बँकेकडून परत मागायला गेलात तर नवं कर्ज म्हणून मिळतात.

दोघं कागद घेऊन गेले. पुढच्या आठवड्यात फोन आला. त्याच इमारतीत, रस्त्याच्या उलट बाजूचा, पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट ३३ लाख २५ हजारांना होता, जो बिल्डरनं आधी दाखवलाच नव्हता. कर्ज २९ लाख ९२ हजार, मार्जिन ३ लाख ३३ हजार. बाकीचा खर्च मोजून सव्वासहा लाखांच्या आत बसत होतं, आणि वरचा एक लाख तिच्या पीएफमधून निघणार होता.

‘‘पण मावशी, त्याला पूर्वेची गॅलरी नाही,’’ भाची म्हणाली.

‘‘मंजूर नकाशात कोणती आहे, ते बघ आधी,’’ मी म्हटलं.