युगोस्लाव्हियाबद्दल लिहिताना या चुका टाळा

युगोस्लाव्हिया हा सहा प्रजासत्ताकांचा संघ १९९० च्या दशकात फुटला. ‘पाश्चात्त्यांनी युगोस्लाव्हिया फोडला’ हे वाक्य पूर्ण खोटं नाही, म्हणूनच जास्त घातक आहे.

सगळ्यात मोठा घोळ तारखांचा. जर्मनीने २३ डिसेंबर १९९१ ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाला मान्यता दिली आणि युद्ध पेटलं, असं सर्रास लिहिलं जातं. पण क्रोएशियातलं वुकोवार शहर तोफांच्या माऱ्याने उद्ध्वस्त होऊन १८ नोव्हेंबरलाच पडलं होतं. सर्बियातल्या कोसोव्हो प्रांताची स्वायत्तता सर्बियाचा नेता मिलोशेविच याने १९८९ मध्येच मोडली होती. घाईच्या मान्यतेचा चटका खरा बसला तो बोस्नियाला: सर्बियाच्या वर्चस्वाखालच्या युगोस्लाव्हियात राहा, नाहीतर बाहेर पडून युद्धाला तोंड द्या.

याला ‘फाळणी’ही म्हणू नका. आपल्याला लगेच १९४७ आठवतं, पण इथे नवी सीमारेषा आखायला कुणी रॅडक्लिफ आला नव्हता. प्रजासत्ताकांच्या सीमा टिटोच्या काळापासून होत्याच.

दुसरी चूक, परकीय हस्तक्षेप म्हणजे फक्त बॉम्ब समजणं. सुरक्षा परिषदेच्या परवानगीशिवाय नाटोने १९९९ मध्ये कोसोव्होवरून सर्बियावर केलेले ७८ दिवसांचे हल्ले सगळ्यांना आठवतात. सुरक्षा परिषदेचाच सप्टेंबर १९९१ चा युगोस्लाव्हियावरच्या शस्त्रबंदीचा ठराव मात्र कुणाच्या लेखात दिसत नाही. कागदावर तो सगळ्यांना सारखा होता. प्रत्यक्षात जुन्या युगोस्लाव्ह लष्कराच्या तोफा आणि रणगाडे बोस्नियातल्या सर्ब फौजेच्या हाती गेले, आणि बोस्नियाची राजधानी सारायेव्होतल्या सरकारला बाहेरून काही आणायची मुभा नव्हती. म्हणून १९९३ मध्ये, सर्ब फौजेने वेढलेल्या सारायेव्होत, संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यातल्या विमानतळाच्या धावपट्टीखालून सुमारे ८०० मीटरचं भुयार खणलं गेलं. उंची जेमतेम १.६ मीटर. पाठीवर पोती घेऊन वाकून चालायचं. पीठ त्यातूनच यायचं, बंदुकाही.

परक्यांचा दोष मांडताना मारणाऱ्यांचा दोष पुसू नका. बोस्नियातलं स्रेब्रेनित्सा हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं ‘सुरक्षित क्षेत्र’ होतं, तिथे संयुक्त राष्ट्रांचे डच सैनिक होते, ते हतबल ठरले. पण जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारले ते बोस्नियातल्या सर्बांचा सेनापती म्लादिच याच्या फौजेने.

‘आपला काय संबंध?’ हेही चूकच. मार्च १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात गेलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले सेनापती होते लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार, आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे. जबाबदारी क्रोएशियाची, मुख्यालय सारायेव्होत. आणि महिन्याभरात त्याच सारायेव्होला वेढा पडला.